प्रोग्रेसिव्ह मेटल अल्बमची निर्मिती आणि ध्वनिमुद्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या अल्बमची घोषणा होते आणि तो प्रत्यक्ष ऐकायला मिळतो, या दोन्हींच्या मधल्या काळात बँड नेमके काय करत असतो, याविषयी श्रोते आणि स्वतःचा पहिला अल्बम करू पाहणारे वादक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक बँडची पद्धत निराळी असते. तरीही लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या या जड रॉक संगीतप्रकारात काही अडचणी सगळ्यांनाच सारख्या भेडसावतात, आणि त्यांपैकी बहुतेक अडचणी स्टुडिओत पाऊल ठेवण्यापूर्वीच सोडवाव्या लागतात.

एका अल्बमला इतका वेळ का लागतो?

ब्लॅक सॅबथने आपला पहिला अल्बम १९६९ मध्ये जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित केला, तर टूलच्या २००६ च्या अल्बमनंतर पुढचा अल्बम यायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला. ही दोन टोके झाली आणि टूलच्या बाबतीत विलंबाची कारणे केवळ सांगीतिक नव्हती, हेही खरे आहे. तथापि एक गोष्ट सर्वत्र आढळते. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला काही आठवडे पुरतात, वेळ जातो तो रचनेत. दहा-बारा मिनिटांच्या एका गाण्यात पंधरा-वीस वेगवेगळे भाग असू शकतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे चांगला असला, तरी तो त्या जागी हवा का, हा प्रश्न उरतोच. अवघड वाजवता येणारे वादक या क्षेत्रात पुष्कळ आहेत. चांगला रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) गाण्यात बसत नाही म्हणून बाजूला ठेवणारे कमी आहेत.

रचनेची सुरुवात कोठून होते?

साधारणतः दोन पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत सगळे वादक एका खोलीत बसतात, कोणीतरी एक रिफ काढतो, ड्रमर त्याला निरनिराळे ताल लावून पाहतो आणि त्यातून गाणे वाढत जाते. ड्रीम थिएटरने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बमसाठी शहरापासून दूर एका ठिकाणी एकत्र मुक्काम करून याच रीतीने रचना केल्या. दुसऱ्या पद्धतीत एक सदस्य संगणकावर संपूर्ण डेमो (गाण्याची कच्ची आवृत्ती) तयार करतो, ड्रमसुद्धा प्रोग्रॅम करतो, म्हणजे संगणकाकडूनच वाजवून घेतो, आणि मग तो इतरांपुढे ठेवतो. ओपेथमध्ये मिकाएल ओकरफेल्ट बहुतांशी असेच काम करतात आणि मेशुगामध्येही संगणकावर रचना बांधण्याची पद्धत जुनी आहे.

पहिल्या पद्धतीत संगीताला श्वास असतो, पण गाणे पसरट होण्याचा धोकाही असतो. दुसरीत बांधणी घट्ट होते, मात्र हाताला न पेलणारे ड्रम लिहिले जातात आणि ते ड्रमरच्या माथी मारले जातात. बहुतेक अनुभवी बँड दोन्हींचा मेळ घालतात. कोणतीही पद्धत असो, प्रत्येक रिफला काहीतरी नाव देऊन तो लगेच ध्वनिमुद्रित करून ठेवणे आवश्यक ठरते. ही नावे बहुधा हास्यास्पद असतात, परंतु सहा महिन्यांनी ‘तो दुसरा सात-आठवाला’ (म्हणजे सात ठोक्यांच्या तालातला) असे म्हटल्यावर पाच जणांच्या मनात पाच वेगळे रिफ येतात, त्यापेक्षा हास्यास्पद नाव परवडते.

विषम तालाशिवाय प्रोग्रेसिव्ह मेटल होऊ शकत नाही का?

होऊ शकते. विषम ताल, म्हणजे पाच, सात अशा ठोक्यांचा ताल, हे साधन आहे, प्रवेशपरीक्षा नव्हे. शिवाय श्रोत्याला जो ताल अत्यंत गुंतागुंतीचा वाटतो, तो पुष्कळदा मुळात साधा चार ठोक्यांचाच असतो. गुंता असतो तो त्यावर ठेवलेल्या गिटारच्या आवर्तनात.

एक उदाहरण मांडून पाहू. चार ठोक्यांच्या बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर एका बारमध्ये सोळा आणि आठ बारमध्ये १२८ भाग होतात. आता गिटार आणि बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांना २३ भागांचा एक आकृतिबंध दिला आणि झांज व स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मात्र सरळ चार ठोक्यांवर ठेवले, तर हा आकृतिबंध दर फेरीला वेगळ्या जागी सुरू होतो. पाच फेऱ्यांत ११५ भाग संपतात आणि १३ उरतात. या उरलेल्या तेरा भागांत तोच आकृतिबंध अर्धवट तोडायचा आणि नवव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकत्र समेवर यायचे, की श्रोत्याला सुटकेचा अनुभव येतो, जरी त्याने मध्ये काहीच मोजलेले नसले तरी. मेशुगाच्या संगीताचा मोठा भाग या तत्त्वावर उभा आहे. डोके हलते ते झांजेबरोबर, आणि अस्वस्थता येते ती गिटारमुळे.

रचना करताना खरी कसोटी येथे लागते. हे १३ भाग कसे भरायचे, याचा निर्णय गणिताने होत नाही. तोडलेला तुकडा कानाला अपूर्ण वाटतो की जाणूनबुजून वळवलेला, हे वाजवून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकूनच ठरवावे लागते.

अल्बमला एकच कथा असणे आवश्यक आहे का?

नाही. क्वीन्सराईचचा १९८८ चा आणि ड्रीम थिएटरचा १९९९ चा कथात्मक अल्बम इतके गाजले, की अशी समजूत रूढ झाली. कथा असेल तर गाण्यांचा क्रम तिच्या हाती जातो आणि एखादे दुबळे गाणे केवळ कथेचा दुवा म्हणून ठेवावे लागते. ही किंमत मोजायची तयारी असेल तरच कथेच्या वाटेला जावे.

प्री-प्रॉडक्शनमध्ये नेमके काय होते?

संपूर्ण अल्बम एकदा स्वस्तात ध्वनिमुद्रित केला जातो, हे सर्वांत सरळ उत्तर आहे. सरावाच्या खोलीत किंवा घरी गिटार थेट संगणकाला जोडून, ड्रम प्रोग्रॅम करून आणि गाणे नुसते गुणगुणून का होईना, प्रत्येक गाण्याची पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंतची आवृत्ती तयार होते. ती ऐकल्यावर ज्या गोष्टी वाजवताना कळत नाहीत त्या कळू लागतात: दोन गाण्यांची सुरुवात एकाच स्वरावर आणि एकाच लयीत होते, सोलो आठ बारने लांबला आहे, गायकाला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

याच टप्प्यात टेम्पो मॅप तयार होतो. संगणकातील प्रकल्पात प्रत्येक बारची लय आणि ताल नोंदवला जातो, जेणेकरून वादकाच्या कानात वाजणारी क्लिकची टिकटिक गाण्याबरोबर बदलत जाते. सात-आठचे तीन बार, मग पाच-आठचा एक, नंतर चार-चार, अशा भागात क्लिकचा जोराचा ठोका चुकीच्या जागी पडला तर कसलेला ड्रमरही अडखळतो. त्यामुळे सात ठोके दोन-दोन-तीन असे मोजायचे की तीन-दोन-दोन, हे बँडमधील प्रत्येकाने एकसारखे ठरवलेले असावे लागते. दोन गिटारवादक एकच ओळ वेगवेगळ्या गटांत मोजत असतील तर स्वर जुळतात, आघात जुळत नाहीत, आणि दोष कोठे आहे ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.

निर्मात्याचा, म्हणजे बाहेरच्या कानाचा, उपयोग सर्वाधिक होतो तोही येथेच. मिक्सिंगच्या (सर्व वाद्यांच्या पातळ्या जुळवण्याच्या) वेळी गाण्यातील दोन मिनिटे कापा असे सांगणारा माणूस बरोबर असला तरी उशिरा आलेला असतो.

क्लिकवर वाजवल्याने संगीत निर्जीव होत नाही का?

क्लिक कशी आखली आहे, यावर ते अवलंबून असते. मनुष्य जोराच्या भागात स्वाभाविकपणे किंचित पुढे सरकतो. म्हणून मुखड्यात मिनिटामागे दोन-तीन ठोके वाढवणे आणि संथ भागात ते उतरवणे ही सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे. काही बँड याहून पुढे जाऊन सगळे एकत्र वाजवतात. अचूकतेबद्दल ख्याती असलेल्या मेशुगाने २०१६ चा अल्बम एकत्र, थेट वाजवून ध्वनिमुद्रित केला, आणि याच बँडने २००५ च्या अल्बमवर संपूर्ण ड्रम प्रोग्रॅम केलेले होते. दोन्ही अल्बम त्या त्या संगीताला शोभतात.

ड्रम सर्वांत आधी का ध्वनिमुद्रित होतात?

बाकीची वाद्ये ड्रमच्या आघातांना धरून वाजवायची असतात म्हणून. शिवाय ड्रमसाठीच मोठी खोली, भरपूर माइक आणि ते जुळवायला जाणकार माणूस लागतो, त्यामुळे भाड्याच्या स्टुडिओतील महागडे दिवस प्रामुख्याने त्यासाठी राखले जातात.

पहिला दिवस बहुधा आवाज जुळवण्यातच जातो. ड्रमची नवी चामडी चढवून ताणली जातात. स्नेअरच्या वर एक आणि खाली एक माइक, बास ड्रमच्या आत एक आणि बाहेर एक, प्रत्येक टॉमला (स्नेअरभोवतीच्या इतर ड्रमना) एक, झांजांच्या वर दोन आणि खोलीत दूरवर दोन, असे मोजले तरी बारा-चौदा माइक सहज होतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. स्नेअरचा एकच ठोका जवळच्या माइकला आधी आणि वरच्या माइकला नंतर पोहोचतो. दोन्ही एकत्र केल्यावर लहरी एकमेकींना छेद देऊन गेल्या, तर तोच भरदार स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. म्हणून झांजांवरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर आहेत ना, हे चक्क दोरीने मोजून पाहिले जाते.

वेगवान दुहेरी बास ड्रमचा प्रश्न वेगळा आहे. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग ८३ मिलिसेकंदांचा होतो. इतक्या वेगात डावा पाय उजव्यापेक्षा हलका पडतो आणि तो गिटारच्या भिंतीआड नाहीसा होतो. त्यामुळे मूळ ठोक्याला आधीच मुद्रित केलेल्या एकाच बास ड्रमच्या नमुन्याची जोड देणे या संगीतप्रकारात नित्याचे झाले आहे. ही फसवणूक आहे का, असा प्रश्न हमखास येतो. प्रमाण राखले तर नाही. मात्र प्रत्येक ठोका शंभर टक्के बदलून ओळीत बसवला, की वादकाचा हात ओळखू येईनासा होतो, आणि मग त्याला मुळात का बोलावले हा प्रश्न रास्त ठरतो.

सात किंवा आठ तारांच्या गिटारमुळे कोणत्या अडचणी येतात?

सहा तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार प्रमाण ट्यूनिंगमध्ये सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, सात तारांची ६२ हर्ट्झच्या आसपास, तर आठ तारांची ४६ हर्ट्झला. बेस गिटारची खालची तार ४१ हर्ट्झची असते, यावरून गिटारने बेसच्या घरात किती आक्रमण केले आहे, हे लक्षात येईल. इतकी खालची तार नेहमीच्या लांबीच्या गिटारवर ढिली पडते आणि जोरात छेडली की आघाताच्या क्षणी स्वर वर चढतो. उपाय म्हणजे जाड तार आणि २७ इंच किंवा त्याहून अधिक लांबीची गिटार. मेशुगाने २००२ चा अल्बम करताना आठ तारांची वाद्ये समाधानकारक स्थितीत नव्हती म्हणून सात तारांची गिटार खाली उतरवून वापरली आणि २००६ मध्ये गिटारचा भाग आठ तारांवर पुन्हा वाजवून तोच अल्बम नव्याने प्रसिद्ध केला.

व्यवहारात प्रत्येक टेकच्या (एका सलग ध्वनिमुद्रणाच्या) आधी स्वर जुळवणे, आणि तेही रिफमध्ये जितक्या जोराने छेडायचे तितक्याच जोराने छेडून जुळवणे, हाच नियम ठरतो. हळुवार छेडून जुळवलेली तार प्रत्यक्ष वाजवताना बेसूर लागते.

एकच रिफ दोन-दोन वेळा का वाजवतात?

डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी तोच भाग दोनदा स्वतंत्रपणे वाजवल्यावर त्यांतील सूक्ष्म फरकांमुळे आवाजाला रुंदी येते. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे ठेवली तर ती रुंदी मिळत नाही, आवाज मध्यभागी गोळा होतो. काही बँड चार-चार थर देतात. परंतु जितके थर अधिक तितके आघाताचे टोक बोथट होते. झपाट्याच्या, तुटक रिफसाठी दोनच थर आणि अतिशय काटेकोर वादन हे अधिक परिणामकारक ठरते.

वाजवताना गिटारचा शुद्ध, विरूपण (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला दिलेला खरखरीतपणा) नसलेला संकेतही वेगळ्या ट्रॅकवर साठवला जातो. नंतर तोच संकेत पुन्हा अँपमधून (गिटारच्या ध्वनिवर्धकातून) सोडून हवा तो आवाज काढता येतो. ही सोय वरदान आहे आणि शापही, कारण आवाजाचा निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय तिनेच लावली आहे. वादक जो आवाज ऐकतो त्यानुसार त्याचा हात चालतो. रेशमी विरूपणावर वाजवलेला रिफ नंतर कोरड्या आवाजात उघडा पडतो.

खऱ्या अँपचा आवाज घेताना माइक स्पीकरच्या मध्यापासून दोन बोटे बाजूला सरकवला, तर कर्कशपणा इतका कमी होतो की नंतर कोणत्याही इक्वलायझरने (उंच-खालचे स्वर कमीजास्त करणाऱ्या साधनाने) ते काम तितक्या सहजपणे होत नाही.

बेस गिटार ऐकू का येत नाही?

कारण दोन विरूपित गिटार तिच्या वरच्या स्वरपट्टीवर बसलेल्या असतात आणि बास ड्रम खालच्या. आज रूढ असलेला उपाय असा, की बेसचा संकेत दोन भागांत विभागायचा: खालचा भाग स्वच्छ आणि एकसमान पातळीवर ठेवायचा, वरच्या भागाला विरूपण देऊन तारेचा खरखरीत स्पर्श पुढे आणायचा. गिटारचा खालचा भाग त्या मानाने कापला जातो. एकट्या ऐकल्यावर त्या गिटार बारीक वाटतात, यावर गिटारवादकांची नाराजी ठरलेली असते. अर्थात, बेसवादकाने गिटारचीच ओळ जशीच्या तशी वाजवली असेल, तर कोणतीही तांत्रिक करामत त्याला फारसे ऐकू आणणार नाही. तो दोष रचनेचा आहे.

गायनाचे ध्वनिमुद्रण कसे आखावे?

स्वच्छ गायन आणि खोल गुरगुराट ही दोन्ही कामे शक्यतो वेगळ्या दिवशी घ्यावीत. योग्य तंत्राने केलेल्या गुरगुराटात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांचा कंप मुख्यत्वे वापरला जातो आणि त्याने वेदना होता कामा नये. घसा दुखू लागला की त्या दिवसाचे काम तेथेच थांबवणे शहाणपणाचे. दिवसाला दोन-तीन तासांपेक्षा अधिक चांगले काम सहसा होत नाही. वेळापत्रक आखताना गायकाला शेवटचे चार दिवस देऊन दहा गाणी त्यात कोंबण्याची प्रथा आहे. श्रोत्याचे लक्ष सर्वप्रथम ज्या आवाजाकडे जाते, तोच आवाज दमलेला असावा, हे नियोजनाचे अपयश होय.

मिक्सिंग बँडनेच करावे की बाहेरच्याकडे द्यावे?

ज्याने आपला सोलो तीनशे वेळा ऐकला आहे, त्याला तो किती मोठ्याने हवा हे सांगता येत नाही. म्हणून अनेक बँड निर्मिती स्वतःकडे ठेवून मिक्सिंग बाहेर देतात. ड्रीम थिएटरच्या २०२५ च्या अल्बमची निर्मिती गिटारवादक जॉन पेट्रुची यांनी केली आणि मिक्सिंग अँडी स्नीप यांनी. बाहेरच्या माणसाला द्यायच्या सूचना एकाच व्यक्तीने, एकाच यादीत पाठवाव्यात. प्रत्येकाने परस्पर ‘माझे वाद्य थोडे वर’ असे कळवले, की शेवटी सगळेच वर जातात आणि कोणीच ऐकू येत नाही.

मास्टरिंगमध्ये आवाज किती मोठा ठेवावा?

मास्टरिंग म्हणजे मिक्स झालेल्या अल्बमवरचा शेवटचा हात. स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची पातळी आपापल्या मोजमापाने समान करतात. स्पॉटिफायचे प्रमाण उणे १४ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) हे आहे. याहून मोठा केलेला अल्बम तेथे आपोआप खाली आणला जातो आणि चढउतार चिरडल्याचा तोटा मात्र तसाच राहतो. मेटल अल्बम या आकड्यापेक्षा बरेच मोठे असतात आणि काही प्रमाणात तो दाब या संगीताच्या पोताचा भाग आहे. परंतु ज्या गाण्यात एकट्या गिटारच्या हळुवार भागानंतर सगळी वाद्ये कोसळायची असतात, तेथे हळुवार भागही तितकाच मोठा केला, तर कोसळायला उंचीच शिल्लक राहत नाही.

अल्बमच्या लांबीला काही मर्यादा आहे का?

स्ट्रीमिंगवर नाही. सीडीवर सुमारे ८० मिनिटांची आहे. टूलच्या २०१९ च्या अल्बमची डिजिटल आवृत्ती सीडीपेक्षा लांब आहे ती काही जोडतुकड्यांमुळे. व्हिनाइलवर एका बाजूला २०-२२ मिनिटांपर्यंत चांगली गुणवत्ता मिळते, त्यापुढे खाचा दाटीने काढाव्या लागून आवाजाची पातळी उतरते. त्यामुळे २३ मिनिटांचे गाणे कोणत्या बाजूला जाणार, हे क्रम ठरवतानाच पाहावे लागते. तबकडीच्या केंद्राकडे उंच कंप्रतेची स्पष्टता घटते, म्हणून झांजांनी भरलेले गाणे बाजूच्या शेवटी ठेवणे टाळलेले बरे.

ध्वनिमुद्रण संपल्यावर अल्बम लगेच का येत नाही?

मुखपृष्ठ, प्रत्येक गाण्याचा नोंदणी क्रमांक, श्रेयनामावली, व्हिनाइलची छपाई आणि आधी प्रसिद्ध करायची एक-दोन गाणी यांत काही महिने जातात.

हे सगळे रंगमंचावर कसे सादर होते?

स्टुडिओत तयार झालेला टेम्पो मॅप तेथेही कामी येतो. ड्रमरच्या कानात तीच क्लिक जाते, तिच्यासोबत कीबोर्डचे आणि समूहगायनाचे थर वाजतात आणि पुष्कळदा दिव्यांचे बदलही तिलाच जोडलेले असतात. जे भाग चार हातांनी वाजवता येणार नाहीत, त्यांचे काय करायचे हे ध्वनिमुद्रणाच्या वेळीच ठरवलेले उत्तम. अल्बमचे काम संपले की प्रकल्प बंद करण्यापूर्वी क्लिक, टेम्पो मॅप आणि प्रत्येक वाद्याचा सुटा ट्रॅक पहिल्या सेकंदापासून साध्या ध्वनिफाइलच्या रूपात काढून दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावा. दोन वर्षांनी दौऱ्याची तयारी करताना जुना प्रकल्प नव्या संगणकावर उघडतो खरा, परंतु त्यातील निम्मे प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) तोपर्यंत चालेनासे झालेले असतात.